खोऱ्याचा आराखडा हवा

२५ जुलै २०२४ ची सकाळ पुणेकरांच्या लक्षात राहिली ती सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीमुळे. खडकवासल्यातून सोडलेले पाणी पहाटेच सोसायट्यांमध्ये शिरले, वाहनतळ बुडाले, तळमजल्यावरचे संसार पाण्यात गेले आणि माणसांना बाहेर काढायला रबरी बोटी आणाव्या लागल्या. डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. पाणी सोडणार असल्याचे वेळेत कळवलेच नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. पाटबंधारे खात्याने महापालिकेला काय सांगितले आणि महापालिकेने लोकांपर्यंत काय पोचवले, यावर पुढे कितीतरी दिवस वाद चालला.

त्याच चोवीस तासांत शहराच्या पश्चिमेला ताम्हिणी घाटात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. आदरवाडीजवळ दरड कोसळून जीव गेला. लवासात डोंगर बंगल्यांवर आला. ही सारी ठिकाणे मुळशी तालुक्यात आहेत. खडकवासल्याच्या साखळीतले टेमघर धरणही मुळशीतलेच. शहराच्या दारात पाणी येण्याआधी संकट सह्याद्रीच्या कुशीत सुरू झाले होते. पण तिथे कॅमेरे नव्हते, त्यामुळे त्या रात्री तिथे कोणी कोणाला काय कळवले याचा हिशेबही फारसा कोणी मागितला नाही.

रिहे हे याच मुळशीतले गाव. पौड रस्त्याने पिरंगुट मागे टाकले आणि घोटावडे फाट्यावरून उजवीकडे वळले की रिहे खोरे लागते. घोटावडे, पिंपळोली, खांबोली, कातरखडक अशी गावे आणि त्यांच्या वाड्या या खोऱ्यात वसल्या आहेत. मधे भातखाचरे, कडेला डोंगर, आणि गेल्या वीस वर्षांत त्या डोंगरांच्या उतारावर चढत गेलेले फार्महाऊसचे प्लॉट व त्यांच्यासाठी कापलेले रस्ते. पूर्वेला हिंजवडीचे आयटी पार्क आहे आणि उत्तरेला मावळ. शहर इतके जवळ आहे की रात्री त्याचा उजेड आकाशात दिसतो. संकटात मात्र हे खोरे शहराच्या यंत्रणेत मोडत नाही.

समजा, आषाढातल्या एका रात्री या खोऱ्यातल्या एखाद्या वाडीवर दरड आली. रस्त्यावर झाड आडवे झाले, वीज गेली, मोबाइलचा टॉवर बंद पडला. कोणाला तरी थोडी रेंज मिळून ११२ लागला, तर तो नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जाणार. १०८ लावला तर रुग्णवाहिकांचे केंद्र पुण्यात औंधला आहे. तहसीलदार पौडला बसतात. पौडचे पोलीस पुणे ग्रामीणचे आणि डोंगराआडचे हिंजवडीचे पोलीस पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे. अग्निशमन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (पीएमआरडीए), वीज महावितरणकडे. रस्त्याचा एखादा तुकडा सार्वजनिक बांधकामाचा तर पुढचा जिल्हा परिषदेचा. उतारावरची झाडे वनखात्याची. मुळा नदीवरचे मुळशी धरण टाटा पॉवरचे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन मावळात सुदुंबरे येथे आहे, पण तिला हाक घालायची ती जिल्हा प्रशासनाने.

यातले प्रत्येक कार्यालय आपापल्या जागी आवश्यक आहे आणि बहुतेक ठिकाणी काम करणारी माणसेही प्रामाणिक आहेत. तरीही त्या रात्री ही सारी यंत्रणा एकत्र कोण आणणार, याचे उत्तर रिह्याच्या माणसाकडे नाही. ते त्याच्याकडे असायला हवे. देशाच्या आपत्ती व्यवस्थापनातली सर्वांत मोठी पोकळी इथेच आहे. दिल्लीत प्राधिकरण आहे, मुंबईत आहे, पुण्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आहे. पण पहिले सहा तास ज्या जागी लढायचे असतात तिथे समन्वय नावाची काही रचनाच नाही.

हे सहा तास काय असतात ते महाराष्ट्राने वारंवार पाहिले आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाडले गेले. बाहेरच्या जगाला ते कळले एसटीमुळे. नेहमीच्या फेरीला आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसेना, म्हणून बातमी फुटली. त्या दिवशी १५१ माणसे गेली. आसपासच्या वाड्यांना, तालुक्याला, जिल्ह्याला सावध करणारी दुसरी कोणतीही साखळी त्या सकाळी नव्हती. एसटीची फेरी रद्द झाली असती तर आणखी किती वेळ गेला असता, हा विचार आजही अस्वस्थ करतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाखाली, खालापूर तालुक्यात, इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. वाडीला रस्ता नव्हता. चिखलातून, अंधारात, मुसळधार पावसात तास-दीड तास चढून जावे लागत होते. जेसीबी वर चढू शकत नव्हते आणि हवामानामुळे हेलिकॉप्टर उडू शकत नव्हते. खोपोली परिसरातले गिर्यारोहक आणि जवळच्या वाड्यांतले लोक आधी पोचले. मदतीला निघालेल्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा चढतानाच हृदयविकाराने मृत्यू झाला. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसांना बेपत्ता म्हणून सोडून द्यावे लागले. ही वाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. यादीत नाव नाही म्हणून निश्चिंत राहायचे दिवस इर्शाळवाडीबरोबरच संपले. सह्याद्रीच्या प्रत्येक खोऱ्याने, रिह्यानेही, आपण यादीत आहोत असे धरूनच तयारी करायला हवी.

मुळशीला तर संकट फक्त डोंगरावरून येत नाही. ७ जून २०२१ रोजी दुपारी पिरंगुटजवळ उरवडे येथे पाणी शुद्ध करणारी रसायने बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. १७ कामगार होरपळून गेले, त्यांत १५ बायका होत्या. आतल्या माणसांपर्यंत पोचायला जेसीबीने भिंत फोडावी लागली. कारखान्यात कोणते रसायन किती साठवले आहे, बाहेर पडायच्या वाटा किती आहेत, ही माहिती औद्योगिक सुरक्षेचे संचालनालय मागू शकते, पीएमआरडीए मागू शकते, ग्रामपंचायतही आपल्या हद्दीतल्या कारखान्याला विचारू शकते. तिघांकडे मिळून एक यादी असती आणि ती अग्निशमन दलाच्या गाडीत असती, तर काय झाले असते हे आता सांगता येत नाही. एवढे मात्र निश्चित की मुळशीच्या खोऱ्यांत आजही असे लहान-मोठे कारखाने आणि गोदामे आहेत आणि शेजारच्या वस्तीला त्यांच्या पोटात काय आहे हे ठाऊक नाही.

१५ जून २०२५ रोजी मावळातल्या कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला. चार जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचे आधीच जाहीर झाले होते. धोका माहीत असणे आणि रविवारच्या गर्दीला तिथे प्रत्यक्ष अडवणे ही दोन वेगवेगळ्या खात्यांची कामे होती आणि त्या दोघांना जोडणारे मधे कोणी नव्हते. दुर्घटना घडल्यावर मात्र प्रतिसाद दल, पोलीस, शिवदुर्ग मित्र, वन्यजीव रक्षक मावळ या संस्थांची मुले आणि गावकरी अशी सारी माणसे झपाट्याने एकवटली. मावळात ही सवय वर्षानुवर्षांच्या बचावकार्यातून तयार झाली आहे. लोणावळ्याच्या दऱ्यांत अडकलेल्या पर्यटकांना काढता काढता स्थानिक मुले आणि पोलीस एकमेकांना नावाने ओळखू लागले. समन्वयाची खरी सुरुवात अशी ओळखीतून होते.

महाराष्ट्राला हे जमत नाही असे कोणी म्हणू नये. १९७२ च्या दुष्काळाचा अनुभव अजून जिवंत असलेल्या पिढीला ठाऊक आहे की त्या वेळी राज्याने काय करून दाखवले. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळपास पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, तलावाचा भराव, रस्त्यांची कामे. मजुरी हातात पडत होती आणि मुलांना सुकडी मिळत होती. एवढा अफाट पसारा उभा राहिला, कारण गावोगाव कोणती कामे काढायची याचे नियोजन संकटाआधीच करून ठेवण्याची शिस्त होती. ती ब्रिटिश काळातल्या दुष्काळ संहितांपासून चालत आलेली. पाऊस गेला की कलेक्टरने फाइल उघडायची, तालुक्याला हुकूम द्यायचा आणि बांधकाम खात्याच्या माणसाने मस्टर लावायचे. कोणाचे काय काम हे आधी ठरलेले होते म्हणून माणसे वाचली. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आकाराला आलेली रोजगार हमी पुढे कायद्यात उतरली आणि तिथून देशभर गेली. संकटाच्या तयारीबाबत महाराष्ट्राने देशाला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. गणेश विसर्जन आटोपून माणसे नुकती झोपली होती. सुमारे आठ हजार माणसे गेली. मदतीचा ओघ असा आला की पहिल्या काही दिवसांत मदत आवरणे हेच एक काम होऊन बसले. पुढच्या पुनर्वसनात मात्र महाराष्ट्राने काही गोष्टी फार चांगल्या केल्या. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त कुटुंबांतली बाराशे मुले शिक्षणासाठी आणली आणि त्यांची जबाबदारी वर्षानुवर्षे निभावली. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत शेकडो गावांतल्या बायका संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. सरकारी अभियंता काय म्हणतो ते गावाला सांगायचे आणि गावाची अडचण अभियंत्यापर्यंत न्यायची, हे त्यांचे काम. सरकार आणि गाव यांच्यामधली ही जागा कोणीतरी ठरवून भरली तेव्हा पैसा योग्य घरात पोचू लागला.

करोनाच्या काळात पुण्यातही असेच घडले. पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी सापडले आणि काही आठवड्यांतच रुग्णालये, उद्योग, स्वयंसेवी संस्था आणि दोन्ही महापालिका यांना एकत्र आणणारे ‘पुणे प्लॅटफॉर्म फॉर कोविड-१९ रिस्पॉन्स’ हे व्यासपीठ उभे राहिले. मराठा चेंबर या उद्योजकांच्या संघटनेने त्यात पुढाकार घेतला. व्हेंटिलेटर कुठे कमी, ऑक्सिजन कुठे अडला, देणगीदाराने पाठवलेले साहित्य कोणत्या रुग्णालयाला हवे, हे एका जागी ठरू लागले. ही मंडळी संकट आल्यावर एकत्र आली. तरीही ती आली, कारण पुण्यात ओळखी होत्या, संस्था होत्या, बसायला जागा होती. रिहे खोऱ्यात अशी चेंबर नाही. तिथे ही जागा मुद्दाम निर्माण करावी लागेल.

कायदा काय म्हणतो? २३ डिसेंबर २००५ रोजी देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्या वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि त्याआधीच्या डिसेंबरात त्सुनामी येऊन गेली होती. या कायद्याने जिल्हा प्राधिकरणाला मोठे अधिकार दिले. वस्ती हलवणे, रस्ता बंद करणे, वाहन, यंत्र किंवा इमारत ताब्यात घेणे, हे सारे जिल्हा पातळीवर होऊ शकते. जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचा निवडून आलेला अध्यक्ष सहअध्यक्ष, अशी रचना कायद्यात जाणीवपूर्वक ठेवली आहे, कारण संकटात हुकमाइतकीच लोकांच्या विश्वासाची गरज असते. पण मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि तिथे प्रशासक आले. पुढची तीन वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ ती सहअध्यक्षाची खुर्ची रिकामी राहिली. २०२४ चा जुलै त्याच काळातला. या गोष्टीची कुठे फारशी चर्चा झाली नाही, हे दुःखद आहे.

२०२५ च्या दुरुस्तीने मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली. ती योग्यच आहे. एकतानगरीसारख्या घटनांनंतर तिची गरज कोणी नाकारणार नाही. पण त्याच दुरुस्तीत गावांच्या गटाला, खोऱ्याला, तालुक्याला असे काही मिळाले नाही. पिंपरी-चिंचवडच्या सीमेवर उभे असलेले हिंजवडी आजही ग्रामपंचायत आहे. जून २०२५ च्या पावसात तिथले रस्ते तुंबले तेव्हा एमआयडीसी, पीएमआरडीए, मेट्रो आणि ग्रामपंचायत यांच्यातला गोंधळ साऱ्या देशाने पाहिला. लाखभराहून अधिक संगणक अभियंते जिथे रोज कामाला जातात तिथली ही स्थिती असेल, तर डोंगरापलीकडच्या भातखाचरांचे काय?

पैसा हे कारण पुढे केले जाते. ते पूर्ण खरे नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती निधीला १,६०,१५३ कोटी रुपये ठरवले. त्यातला पाचवा हिस्सा धोका कमी करण्यासाठी आणि दहावा हिस्सा तयारी व प्रशिक्षणासाठी राखून ठेवला. हा दहावा हिस्सा देशभरात सोळा हजार कोटींच्या घरात जातो. खोऱ्याचा आराखडा बनवायला, शिट्ट्या, दोर, स्ट्रेचर, जनरेटर आणि वायरलेस संच घ्यायला, वर्षातून दोन सराव करायला लागणारी रक्कम त्यापुढे नगण्य आहे. अडचण आहे ती हा पैसा कोणाच्या नावावर, कोणत्या शीर्षाखाली, कोणाच्या सहीने खाली उतरायचा याची.

जगात हे कोणी केले आहे का, असे विचारले तर दोन उदाहरणे जवळचीच आहेत. १९७० च्या भोला चक्रीवादळात पूर्व पाकिस्तानात लाखो माणसे मेली. त्यानंतर स्वतंत्र बांगलादेशाने चक्रीवादळ तयारी कार्यक्रम उभा केला आणि आज त्यात ७६ हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत, त्यांतल्या निम्म्या बायका. प्रत्येक वस्तीत इशारा कोण देणार, म्हाताऱ्यांना कोण उचलणार, निवाऱ्याचे दार कोण उघडणार, हे नावानिशी ठरलेले असते. ओडिशाने १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसे गमावली आणि त्याच वर्षी देशात पहिल्यांदा राज्याचे स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण स्थापन केले. २०१३ च्या फायलिनच्या वेळी त्यांनी दहा लाखांच्या आसपास माणसे किनाऱ्यावरून हलवली आणि मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. बांगलादेश श्रीमंत नव्हता, ओडिशाही नव्हता. त्यांनी जबाबदारी वस्तीपर्यंत नेली.

आता मुळशीकडे परत येऊ. इथे आपत्तीचे एकक कोणते असावे? तालुका फार मोठा आहे. ताम्हिणीचा पाऊस आणि हिंजवडीचा पाऊस यांत जमीन-अस्मानाचे अंतर. एकेक ग्रामपंचायत फार लहान. एका गावाकडे जेसीबी आहे तर दुसऱ्याकडे डॉक्टर, तिसऱ्याकडे मंगल कार्यालय. या दोन्हींच्या मधे मुळशीत एक जिवंत एकक पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, ते म्हणजे खोरे. रिहे खोरे, कोळवण खोरे, मुठा खोरे अशीच माणसे आपली ओळख सांगतात. सोयरीक खोऱ्यात, बाजार खोऱ्यात, सप्ताहाला माणसे येणार तीही खोऱ्यातली. महत्त्वाचे म्हणजे पाणी खोऱ्याने वाहते, रस्ता खोऱ्याने जातो आणि तो एका जागी तुटला की सारे खोरे एकाच वेळी अडकते. ग्रामपंचायतीची हद्द संकटाला माहीत नसते. म्हणून आराखडा खोऱ्याचा हवा.

त्यात काय असावे याची कल्पना करायला फार मोठ्या तज्ज्ञाची गरज नाही, तरी पुण्यात ‘यशदा’चे आपत्ती व्यवस्थापन केंद्र आहे, हवामान विभाग आहे, उष्णदेशीय हवामान संस्था आहे, देशातल्या क्वचितच एखाद्या तालुक्याच्या शेजारी एवढे ज्ञान बसलेले असेल.

सर्वांत आधी माणसांची मोजणी. मतदारयादी म्हणजे वस्ती नव्हे. खोऱ्यात कातकरी कुटुंबे आहेत, त्यांतली काही हंगामात वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्यात परततात. बांधकामावरचे परप्रांतीय मजूर पत्र्याच्या शेडमध्ये राहतात आणि त्या शेडची नोंद कुठेच नसते. फार्महाऊसवर शनिवार-रविवारी शहरातली माणसे असतात, एरवी एकटा राखणदार आणि त्याचे कुटुंब. इर्शाळवाडीत किती माणसे वाडीत झोपली होती, किती मुले आश्रमशाळेत होती, किती जण बाहेरगावी होते, हे जुळवण्यात किती वेळ गेला! ढिगाऱ्यात कोणाला शोधायचे हे ठाऊक नसेल तर शोध कधी थांबवायचा हेही ठाऊक नसते. आशा आणि अंगणवाडी सेविका ही मोजणी दर जूनमध्ये उत्तम करू शकतात, कारण कोणत्या घरात बाळंतीण आहे आणि कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेला म्हातारा आहे हे त्यांना आधीच माहीत असते. मात्र या कामाचा मोबदला त्यांना मिळायला हवा. आधीच कामाच्या ओझ्याखाली असलेल्या या बायकांवर आणखी एक फुकटचे काम लादणे अन्यायाचे होईल.

मग इशारा. पुणे जिल्ह्यात ग्रामसुरक्षा यंत्रणा बऱ्याच गावांत वापरात आहे. एका टोल फ्री क्रमांकावर फोन केला की बोलणाऱ्याचा आवाज गावातल्या सर्व नोंदलेल्या मोबाइलवर जातो. चोरी, आग, बिबट्या, अपघात यांसाठी ती कामी आली आहे. ती खोऱ्यातल्या सगळ्या गावांत एकत्र जोडता येईल. तरी टॉवर पडला तर काय, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी देवळावरचा भोंगा बॅटरीवर चालणारा हवा आणि दोन-तीन वायरलेस संच हवेत. पाऊस सध्या महसूल मंडळाच्या ठिकाणी मोजला जातो. खोऱ्याच्या वरच्या टोकाला पडणारा पाऊस त्यात दिसेलच असे नाही. वरच्या अंगाच्या शाळेत साधे पर्जन्यमापक ठेवले आणि अमुक इतका पाऊस सलग पडला की उताराखालच्या घरांनी शाळेत यायचे असे आधी ठरवले, तर तेवढ्याने जीव वाचू शकतात. जमिनीला पडलेल्या नव्या भेगा, झऱ्याचे अचानक गढूळ झालेले पाणी, तिरकी झालेली झाडे आणि खांब, ही दरडीची लक्षणे गुराख्याला अभियंत्याच्या आधी दिसतात. त्याचे म्हणणे ऐकून घेणारा कोणीतरी नेमलेला असला पाहिजे.

हलवण्याचा अधिकार हा सर्वांत नाजूक मुद्दा. मध्यरात्री वस्ती रिकामी करायची तर आदेश कोण देणार? पौडला फोन लागत नसेल तर? जिल्हाधिकाऱ्यांनी पावसाळ्यापुरता हा अधिकार खोऱ्यातल्या तीन माणसांना लेखी सोपवावा. पोलीस पाटील, एक सरपंच आणि ग्राम महसूल अधिकारी या तिघांपैकी दोघांचे एकमत झाले की माणसे हलवायची. दरड आली नाही आणि लोकांची एक रात्र शाळेच्या फरशीवर गेली, तर त्याबद्दल कोणावर ठपका ठेवायचा नाही, असेही त्या आदेशात लिहून द्यावे. आपल्याकडे अधिकारी चुकीच्या बाजूने घाबरतो, कारण न हलवल्याची चौकशी मृत्यू झाल्यावर होते आणि विनाकारण हलवल्याची बोंब लगेच दुसऱ्या दिवशी होते.

यंत्रांची मुळशीत कमतरता नाही. बांधकामामुळे जवळपास प्रत्येक गावात कोणाचा तरी जेसीबी, पोकलेन, डंपर आहे. पण मालकाला वाटते की संकटात दिलेल्या यंत्राच्या डिझेलचे पैसे मिळणार नाहीत किंवा वर्षानंतर मिळतील. हे दर आणि पैसे देण्याची मुदत एप्रिलमध्येच ठरवून ठेवली तर रात्री दोन वाजता कोणालाही विनवणी करावी लागणार नाही. मदतीचेही तसेच. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे राज्यातून ट्रकच्या ट्रक निघाले. महामार्ग दिवसचे दिवस बंद होता. जी गावे रस्त्याला लागून होती तिथे जुन्या कपड्यांचे ढीग पडले आणि आतली गावे पिण्याच्या पाण्यावाचून राहिली. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे पुरातून सुटका करून घेणाऱ्यांनी भरलेली बोट उलटली आणि गाव शोकात बुडाले. बोट होती, पण त्या घटकेला किती माणसे चढवायची हे सांगणारा प्रशिक्षित माणूस आणि पुरेशी जॅकेटे नव्हती. मदत मागणारा एकच आवाज, एकच यादी आणि ती यादी दर संध्याकाळी बदलणारा एक ठरलेला माणूस प्रत्येक खोऱ्यात हवा.

गिर्यारोहकांनी हे आपल्यापुरते करून दाखवले आहे. राज्यभरातल्या बचाव पथकांना जोडणारे महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर अनेक वर्षे चोवीस तास हेल्पलाइन चालवते. कुठल्या किल्ल्यावर कोण अडकले आहे हे कळले की जवळचे पथक, त्यांच्याकडचे दोर, पोचायला लागणारा वेळ, सारे एका जागेवरून ठरते. हे काम स्वयंसेवक करतात. त्यांना खोऱ्याच्या आराखड्यात मानाची आणि अधिकृत जागा द्यायला हवी, त्यांचा विमा सरकारने उतरवायला हवा.

या सूचनेवर हरकत येईल ती ठरलेली: आणखी एक समिती, आणखी एक कागद. ही भीती रास्त आहे. बऱ्याच गावांचे आपत्ती आराखडे कपाटात आहेत आणि त्यांत बदली झालेल्या ग्रामसेवकांचे क्रमांक आहेत. गावकीतले राजकारणही आहे. दोन सरपंच एका मांडवात बसत नाहीत अशी खोरी मुळशीत शोधायला लागणार नाहीत. म्हणूनच आराखड्याची परीक्षा कागदावर घेऊन चालणार नाही. जुलै महिन्यात, पाऊस चालू असताना, रात्री, आधी न सांगता सराव व्हायला हवा. ११२ वर पहिला फोन गेल्यापासून शेवटचे माणूस शाळेत पोचेपर्यंत किती वेळ लागला हे मोजावे आणि ग्रामसभेत वाचून दाखवावे. कुठल्या वाडीला भोंगा ऐकू गेला नाही, कोणाच्या दारात गाडी पोचली नाही, कारखान्याच्या पहारेकऱ्याला काय करायचे ठाऊक होते का, हे सारे त्या रात्री कळेल.

दर मे महिन्यात तालुक्यातालुक्यात पावसाळापूर्व बैठक होते. पुढच्या वर्षी मुळशीची एक बैठक पौडऐवजी रिहे खोऱ्यात व्हावी आणि तिला महावितरण, पीएमआरडीएचे अग्निशमन, वनखाते, दोन्ही बाजूंचे पोलीस, सुदुंबऱ्याचे प्रतिसाद दल आणि टाटा पॉवरचे धरण अधिकारी हजर राहावेत. जिल्हाधिकाऱ्यांना त्यासाठी नवा कायदा लागत नाही. २००५ च्या कायद्यातले जिल्हा आराखड्याचे कलम ३१ आणि धोका समोर दिसताच अधिकार देणारे कलम ३४ पुरेशी आहेत. रिह्यात हे जमले तर कोळवण आणि मुठा खोरे, मग मावळ, वेल्हे, भोर आणि माळीणचा आंबेगाव, या क्रमाने पुढच्या दोन पावसाळ्यांत पुण्याचा सारा पश्चिम पट्टा बांधून काढता येईल.